मागचं चाक

कंपनीने फोनवर सांगितलं,
अख्खं चाक बदला, साडेचौदा हजार,
मोटर उघडायची नसते.
क्लेमेंसिया नर्सने ते वाक्य
जसंच्या तसं माझ्या बाकड्यावर आणून ठेवलं,
सायकल भिंतीला टेकवली
आणि म्हणाली, रोहिदासबाब, उघड.

पंधरा वर्षं मी बार्जवर पंप सांभाळले.
खाणी थांबल्या तशी बार्जही थांबली, चिखलात रुतून,
आणि मी चोडणला, सासुरवाडीच्या पडवीत
मिक्सर, पंखे, चवथीच्या दिव्यांच्या माळा
दुरुस्त करत बसलो.
असलं चाक कधी हातात धरलं नव्हतं.

सहा स्क्रू. पाच सुटले.
सहाव्याचं डोकं गंजून गुळगुळीत.
करवतीच्या पात्याने त्याला नवी खाच पाडली,
रॉकेल पाजलं
आणि जेवायला गेलो.
सुंगटांचं हुमण होतं. घाई नव्हती.

झाकण निघालं तसं
आतून वाटीभर पाणी सांडलं, तांबडं,
खाणी चालू असताना पावसात नदी व्हायची तसं.
बोट जिभेला लावलं: खारट.
मग आठवला फेरीचा रॅम्प,
भरतीला अर्धा नदीत गेलेला, शेवाळलेला,
आणि त्यावरून रोज चार वेळा
इन्सुलिनची थंड पेटी घेऊन
चाक बुडवत जाणारी ही बाई.

चुंबकं सोडत नाहीत.
आपण ओढलं की तीही ओढतात.
गुडघ्यांत धरून उपसलं शेवटी,
अंगठ्याची थोडी कातडी आत ठेवून.

नायलॉनची तीन गिअरं, पिवळट.
काही दात आहेत, काहींची नुसती जागा.
बेअरिंग खडीसाखर चघळल्यासारखं खरखरलं.
तांबं मात्र शाबूत.
नाक लावून बघितलं: लाखेचा वास, जळका नाही.
एवढं कळल्यावर चहा मागितला.

सेन्सरने संध्याकाळ खाल्ली.
तांदळाच्या दाण्याएवढे तिघे, खाचेत चिकटवलेले,
समोरून चुंबक गेलं की हाळी देणारे.
हळूहळू फिरवत मीटर बघत बसलो:
पाच, शून्य. पाच, शून्य.
तिसरा पाचच. कितीही फिरवा, पाचच.
म्हणून निघताना अडखळायचं चाक,
पाढ्यातला एकच आकडा विसरलेल्या
पोरासारखं, तिथेच, दर वेळी तिथेच.

सेन्सर पणजीत मिळाला, बावीस रुपये.
बेअरिंग म्हापशाला, पंख्यांच्याच दुकानात.
गिअरं कुठेच नाहीत.
अकराव्या दिवशी कळंगुटच्या भंगारात
एका हॉटेलची भाड्याची सायकल सापडली,
मोटर जळून कोळसा, दात धड.
हिचं तांबं, तिचे दात.
अशी सोयरीक जुळवली.

शेवटी फटी बुजवायला सिलिकॉनची ट्यूब हातात घेतली
आणि थांबलो.
बार्जवर मेस्त कायतान रोज सकाळी
तळाशी उतरताना एकच विचारायचा:
पाणी येणार रे, येणारच,
त्याला परत जायला वाट ठेवलीस काय?
मी वैतागायचो. चहा थंड व्हायचा.

झाकणाच्या कडेला, अगदी कडेला,
तीन मिलिमीटरचं भोक पाडलं.
चांगल्या मोटरला ड्रिल लावताना
हात कापला थोडा, खोटं कशाला बोलू.

किती दिवस चालेल, तिने विचारलं.
ठाऊक नाही म्हटलं. आवाज बदलला तर ये.
पैसे देताना तिने अंगठा बघितला
आणि न विचारता पट्टी लावली.

परवा भरतीला धक्क्यावर उभा होतो.
फेरीतून ती उतरली, पोटऱ्या ओल्या,
रॅम्प चढून थांबली,
मागचं चाक उचलून फिरवलं, भोक खाली येईतो.
दोन थेंब.
वाट बघितली. आणखी एक.
मग पेटीचं झाकण चाचपून
चढाला लागली,
आणि मोटर गुणगुणली, जरा मोठ्यानेच,
दात अजून एकमेकांना ओळखत नव्हते.